मनाचा तास आणि निंबावरचा झोका

आमच्या शाळेत मनाचा तास सुरू झाला आणि थोड्याच शनिवारांत एका मुलीच्या अंगात कानबाई आली. आज मी हे हसत सांगते, पण त्या दिवशी आमच्या हेडमास्तरांना भर थंडीत घाम फुटला होता. शाळेत साहेब तपासणीला आले तर काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं, देवी आली तर काय करायचं हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

गोष्ट भडगावची. तेव्हा राज्य मुंबईचं होतं, आमच्या जिल्ह्याला पूर्व खानदेश म्हणत आणि धुळ्याकडच्याला पश्चिम. आमचं हायस्कूल आठवी ते अकरावीचं, म्हणजे मॅट्रिकपर्यंतचं, गिरणा नदीच्या अंगाला, कौलारू, पुढे मोठं पटांगण आणि पटांगणात एक निंब. वर्गात मुलगे भरपूर, मुली मोजक्या. आम्ही मुली पुढच्या बाकांवर नाकासमोर बघत बसायचो. मागे मुलगे बसले आहेत हे आम्हाला जणू माहीतच नव्हतं, आणि त्यांनी नवीन सदरा घातला की तो मात्र आम्हाला बरोबर कळायचा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक नवीन बाई आल्या. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेल्या, बारीक अंगाच्या, चष्मा लावणाऱ्या. पाऊस नसतानाही छत्री घेऊन फिरायच्या. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्यांना आपल्याकडची शेवभाजी जेवायला घातली. बाईंनी पहिला घास घेतला आणि तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. पण पानातलं सगळं संपवलं. त्यावरून माझ्या आईनं निकाल देऊन टाकला, की ही बाई टिकणार.

त्याच बाईंनी शनिवारचा शेवटचा तास आम्हा मुलींसाठी मागून घेतला आणि त्याला नाव दिलं मनाचा तास. आम्हाला म्हणाल्या, "गावात टोचायला माणूस येतो, तो आजारी मुलांना टोचतो का? नाही. धडधाकट मुलांना टोचतो, पुढे आजार होऊ नये म्हणून. मनाचंही तसंच असतं. तुम्ही आता मोठ्या होताय. या वयात मनात खूप गर्दी होते. ती गर्दी वेळेवर मोकळी केली, तर पुढे त्रास होत नाही."

बाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आम्ही त्यातलं एवढंच ऐकलं, की शनिवारी टोचणार आहेत. पुढच्या शनिवारी निम्म्या मुली घरी बसल्या. ज्या आल्या त्या पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओढून आल्या.

त्या तासाची खरी गरज कोणाला असेल, तर ती मला होती. म्हणूनच मी त्याला सगळ्यांत जास्त घाबरत होते.

मी हायस्कुलात गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात माझी आजी गेली. तिला आम्ही मोठी माय म्हणायचो. मी तिच्या गोधडीत झोपायची, तिच्या ताटात जेवायची. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी-सुना झोके खेळतात. मोठी माय डोक्याचे केस पांढरे झाल्यावरही झोक्यावर उभी राहून गाणी म्हणायची आणि तिचा आवाज तीन गल्ल्यांत जायचा. ती गेली आणि आमच्या घरानं तिचं नाव काढणं बंद केलं. वाईट म्हणून नाही. नाव काढलं की आजोबा उठून शेतात निघून जात. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी आपली खाट घरातून उचलून अंगणातल्या निंबाखाली टाकली आणि तिथंच राहू लागले. रडायचं नाही, बोलायचं नाही, असं कोणी ठरवलं नव्हतं. पण आम्ही सगळे तसंच वागायला लागलो.

जूनमध्ये शाळा उघडली. मास्तरांनी मला धडा वाचायला उभं केलं. मी तोंड उघडलं, तर गळ्यातून आवाजच निघेना. छाती धडधडायला लागली, हात गार पडले, आणि मी पुस्तक तिथंच टाकून जी पळाले ती थेट घरी. मग ते नेहमीचंच झालं. मनात वाचायला सांगा, पान न् पान वाचायची. मोठ्यानं वाचायला सांगितलं की गळा बंद. आईनं मीठमोहरी उतरवली, भगताकडून दोरा आणला, हळदीचं दूध पाजलं. दूध चांगलं लागायचं, बाकी काही फरक नाही.

शेवटी आबा एवढंच बोलले, "भ्यास ती. भ्यास ते कशाले धाडनं?" पोर भिते, तर शाळेत पाठवायची कशाला.

आबा कमी बोलत आणि त्यांचा शब्द घरात खाली पडत नसे. आठवी पूर्ण करू दे, नववीचं बघू, असं वडिलांनी मध्ये पडून कसंबसं पुढे ढकललं. पण टांगती तलवार होतीच. आणि मला शाळा हवी होती. मला इतिहास आवडायचा, नकाशे आवडायचे, नव्या पुस्तकाचा वास आवडायचा. फक्त मोठ्यानं वाचता येत नव्हतं.

तर मनाचा तास. टोचत नाहीत हे कळल्यावर मुली परत आल्या. बाई म्हणाल्या, "मनात काय चाललंय ते सांगा."

"काही नाही, बाई," आम्ही एका सुरात म्हणालो.

"काहीतरी असेलच."

मग एकीनं धीर करून सांगितलं, "पोटात दुखतं, बाई." दुसरीनं लगेच सांगितलं, की तिनं शेंगा जास्त खाल्ल्यात. तिसरीची दाढ दुखत होती. बाईंच्या मनाच्या तासात त्या दिवशी नुसती पोटं आणि दाढा निघाल्या. आमचं तरी काय चुकलं? दुखतं कुठं असं विचारल्यावर जागा दाखवायची असते, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

बाईंनी मग वेगळी युक्ती काढली. ट्रेनिंगमध्ये शिकवलेली असणार. म्हणाल्या, "ताठ बसा. डोळे मिटा. खोल श्वास घ्या. अंग सैल सोडा. आत काय वाटतंय त्याकडे बघा." पुण्यात हे करून मुली शांत होत असतील. खानदेशात डोळे मिटून, अंग सैल सोडून, जोरजोरात श्वास घ्यायला लागलं, की पुढे काय होतं ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्यातल्या एका थोराड मुलीनं खोल श्वास घेतला, आणखी खोल घेतला, मग तिचं डोकं हलायला लागलं, केस सुटले आणि ती घुमायलाच लागली.

आम्ही सगळ्या चांगल्या घरच्या मुली. देवी आल्यावर जे करायचं असतं ते आम्ही ताबडतोब केलं. पदर-परकर सावरून पाया पडलो. एकीनं डब्यातलं हळदीचं लोणचं काढून तिच्या कपाळाला बोट लावलं, दुसरं काही जवळ नव्हतं. आणि सगळ्यात धीट होती तिनं हात जोडून विचारलं, "माय, गनितना पेपर सोपा येई का?"

देवी घुमता घुमता म्हणाली, "पाढा पाठ कर!"

बाई खडू हातात धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना वाटलं मुलीला फिट आली. त्या पाणी घेऊन धावल्या, तर आम्ही त्यांनाच ओरडलो, "बाई, चपला काढा!"

बातमी गावात जायला कितीसा वेळ लागतो. पुढच्या शनिवारी शाळेच्या फाटकाशी बायका नारळ घेऊन उभ्या. एक म्हातारी हेडमास्तरांनाच म्हणाली, "मनी म्हैस दूध देत नई, भाऊ. तुम्हना शाळानी कानबाईले इचारी देखा." हेडमास्तरांनी त्याच दिवशी मनाचा तास बंद केला आणि तिथं सुलेखन लावलं.

बाईंना वाईट वाटलं असणार. पण त्यांच्यात एक फार मोठा गुण होता, त्यांना स्वतःवर हसता यायचं. त्या घुमणाऱ्या मुलीला आणि आम्हा दोघी-तिघींना जवळ बसवून त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं. म्हशीचं ऐकल्यावर तर हसून हसून चष्मा काढून डोळे पुसले. मग तिला म्हणाल्या, "मी रागावणार नाही. खरं सांग, घुमल्यावर तुला कसं वाटलं?"

ती लाजून म्हणाली, "हलकं वाटलं, बाई. लई हलकं."

बाई छत्रीच्या दांड्याशी चाळा करत बसल्या.

ही थोराड मुलगी नदीपल्याडची. पल्याडच्या वस्तीतून ती रोज परकर खोचून गिरणा ओलांडून यायची. माझी मैत्रीण होती आणि आखाजीपुरती वैरीण. कारण आमच्याकडची आखाजी साधीसुधी नसते. गौराई बोळवायच्या, म्हणजे नदीत विसर्जन करायच्या दिवशी अल्याडच्या सगळ्या पोरीबाळी एका काठावर आणि पल्याडच्या दुसऱ्या काठावर जमतात आणि गाण्यांतून एकमेकींना शिव्या देतात. मनसोक्त, ठेवणीतल्या. त्या दिवशी कोणी काहीही म्हणावं, राग धरायचा नाही. झोक्यावर म्हटलेल्याचाही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पोरी एकमेकींच्या घरी आंबरस खायला जातात.

त्या वर्षी परीक्षा झाली, बाई पेपर तपासायला थांबल्या होत्या. आम्ही त्यांना नदीवर यायचं आमंत्रण दिलं. "गाणी म्हणतात का?" त्यांनी कौतुकानं विचारलं. आम्ही हो म्हणालो. कसली ते सांगितलं नाही.

वैशाखातली गिरणा म्हणजे मधोमध पाण्याची धार आणि दोन्हीकडे वाळू, वाळूत टरबुजांच्या वाड्या. बाई छत्री उघडून आमच्या काठावर उभ्या राहिल्या. आम्ही सुरुवात केली:

"पल्याडन्या पोरी, लांब लांब येनी,
येनीमा घरटं बांधं चिमनीनी!"

म्हणजे वेण्या एवढ्या लांब, पण विंचरायचं नाव नाही, चिमणीनं घरटं केलंय. पलीकडून त्याहून झणझणीत उत्तर आलं, ते मी इथं लिहीत नाही. बाईंच्या हातातून छत्रीचा दांडा सुटला. आम्ही आणखी वरचढ झालो. आणि मग पल्याडच्या घोळक्यातून माझी ती मैत्रीण पुढे आली, कमरेवर हात ठेवले आणि थेट माझ्याकडे बघून गायली:

"एक पोर वाचाले हुभी व्हयनी,
अक्षरे देखीसन पयत सुटनी!"

वाचायला उभी राहिली आणि अक्षरं बघून पळत सुटली. दोन्ही काठ हसले. वर्षभर जे घरात कोणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं, शाळेत कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं, ते तिनं आख्ख्या गिरणेला सांगून टाकलं. मला वाटलं आता आपण इथूनही पळणार. पण पळायच्या आत माझं तोंड उघडलं होतं:

"अक्षरे माले सलाम करतस,
तुनं गनित देखीसन दात काढतस!"

अक्षरं मला सलाम करतात आणि तुझं गणित बघून फिदीफिदी हसतात. आमचा काठ असा ओरडला, की टरबुजाच्या वाडीतला राखणदार झोपेतून उठून बसला. पल्याडून ती मैत्रीणच सगळ्यात मोठ्यानं हसत होती. आणि माझा आवाज, माझा स्वतःचा आवाज, पाण्यावरून जाऊन परत मलाच ऐकू आला. मोठ्या मायसारखा वाटला.

बाई जवळ आल्या. "वर्गात गळा बंद होतो ती मुलगी तूच ना?"

"हो, बाई."

"आणि घरी कोणी रागावत नाही? एवढं सगळं बोलल्यावर?"

"आखाजीचा राग धरायचा नसतो, बाई."

त्या नुसत्या हं म्हणाल्या. पण बाईंच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलंय हे मला त्यांच्या चालण्यावरून कळलं. छत्री बंद करून उन्हातून भराभरा निघाल्या होत्या.

जूनमध्ये शाळा उघडली तर पटांगणातल्या निंबाला झोका. चांगला जाड दोर आणि खाली पाट. हेडमास्तरांचं आणि बाईंचं बोलणं आम्ही खिडकीखाली बसून ऐकलं होतं.

"बाई, आखाजी होऊन गेली. आता झोका कशाला?"

"खेळाचं साहित्य आहे, सर."

"यात देवी वगैरे..."

"डोळे उघडे ठेवूनच झोका घेतात, सर."

हेडमास्तरांना ते पटलं आणि मनाचा तास परत सुरू झाला. बाईंनी नियम आखाजीचाच ठेवला. झोक्यावर बसेल तिनं आपल्या मनातली एक ओळ जोडायची, बाकीच्यांनी ती उचलून म्हणायची. झोक्यावर जे म्हटलं त्याचा राग धरायचा नाही, आणि ते पटांगणाबाहेर न्यायचं नाही. बाईंनाही यातून सूट नव्हती. पहिल्या शनिवारी आम्ही त्यांनाच झोक्यावर बसवलं. त्यांनी खूप विचार केला आणि पुणेरी चालीत गायलं, की इथल्या ठेच्यानं माझी जीभ भाजली आणि घरची फार आठवण येते. आम्ही ती ओळ उचलली तेव्हा आम्हालाही कसंसंच झालं. शिकवणाऱ्या माणसालाही घरची आठवण येते हे आम्हाला नवीन होतं.

मग काय, धरण फुटावं तशा मुली बोलायला लागल्या. एकीनं म्हटलं:

"भाऊले दूध नि माले ताक,
बोलनू ते म्हनतस तोंड गप राख!"

ही ओळ एवढी गाजली, की वर्गातल्या निम्म्या मुलींनी ती आपलीच म्हणून परत परत म्हटली. एकीला सावत्र आईची भीती होती, ती आई घरात यायची होती अजून. ती आल्यावर चांगली निघाली, तेही तिनं झोक्यावरच जाहीर केलं. एक मुलगी तर गाता गाता रडायलाच लागली. तिला वाटत होतं की आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय, अंगातून रक्त जातंय आणि आता आपण मरणार. बाईंनी तिला अलगद उतरवलं, आम्हा सगळ्यांना निंबाखाली जवळ बसवलं आणि मुलगी मोठी होते म्हणजे काय होतं ते साध्या शब्दांत समजावून सांगितलं. आम्ही माना खाली घालून मातीत रेघोट्या ओढत होतो आणि कान टवकारून ऐकत होतो. घरी जाताना ती मुलगी उड्या मारत गेली. मरायचं नाही म्हटल्यावर माणूस उड्या मारणारच.

मुलगे काही दिवस लांबून बघत होते, मग त्यांनी ओरड सुरू केली, की मनं काय फक्त पोरींनाच असतात? हा प्रश्न मात्र बाईंना फार आवडला. मुलग्यांना झोका लाजेचा वाटत होता, तेव्हा त्यांना रस्सीखेच मिळाली. दोर ओढता ओढता एकेकानं आपलं गाऱ्हाणं ओरडायचं. त्यांची गाऱ्हाणी मारकुट्या मास्तरांची जास्त होती. ज्या मास्तरांनी ती ऐकली त्यांची छडी पुढे बरेच दिवस कपाटात राहिली.

आता माझ्या नातीच्या शाळेत समुपदेशक असतात. त्यांना वेगळी खोली आहे, खोलीत पंखा आहे, दारावर पाटी आहे. चांगलंच आहे, मी नावं ठेवत नाही. आमच्याकडे खोली नव्हती, निंब होता.

माझं म्हणाल तर मी दर शनिवारी झोका घ्यायची आणि दुसऱ्यांची टर उडवायची. त्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. पण आपली स्वतःची ओळ मी कधी म्हटली नाही. ती गळ्याशी येऊन परत खाली जायची. बाईंनी कधी जबरदस्ती केली नाही. वर्गात वाचायची पाळी आली की मी अजून अडखळायची, थांबायची, पण आता पळत नव्हते. अडखळले की मागून मैत्रीण हळूच म्हणायची, "सलाम कर म्हना अक्षरेसले." मला हसू यायचं आणि एखादी ओळ पुढे सरकायची.

अशी नववी संपली आणि पुन्हा आखाजी आली. आणि आखाजीला धुळ्याहून आत्या आली, ती माझ्यासाठी स्थळ घेऊनच.

आत्या म्हणजे आबांची एकुलती एक लेक. भरदार, बोलकी, पायात जोडवी वाजवत चालणारी. माझा तिच्यावर जीव होता. म्हणूनच तर पंचाईत झाली. "पोऱ्या चांगला शे," ती आल्या आल्या आईला म्हणाली. "धुळाले जिनमा कामले शे. घरना गहू, घरनी म्हैस. आनि पोर शाळामा बी भ्यासच ना? मंग?" जिन म्हणजे कापसाची सरकी काढायचा कारखाना.

आईनं वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, आबा म्हणतील तसं. आबा म्हणाले, सण होऊ द्या, मग सांगतो. म्हणजे माझ्याकडे एक सण होता. आबांसमोर जाऊन आपल्या लग्नाचा विषय आपणच काढायचा, हे त्या काळी आमच्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. आणि काढला असता, तरी मला माझा गळा माहीत होता.

मी वडिलांकडे गेले आणि एवढंच म्हटलं, "नाना, झोका बांधा ना." मोठी माय गेल्यापासून आमच्या निंबाला झोका नव्हता. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, आबांच्या खाटेकडे बघितलं, माळ्यावरून दोर काढला आणि झाडावर चढले. आबा खाटेवर पडून होते. झोका त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर बांधला गेला. त्यांनी कूस बदलली, पण खाट हलवली नाही.

आखाजीच्या दुपारी मांडे आणि आंबरस खाऊन सगळे सुस्तावले होते. ओट्यावर पुरुषमंडळींचे पत्ते चालले होते. आत्या सुपारी कातरत बसली होती. मी झोक्यावर चढले. दोर हातात घट्ट धरला. दोन-तीन झोके नुसतेच घेतले. मग डोळे उघडे ठेवले, आबांच्या पाठीकडे बघितलं आणि म्हटलं:

"आबा मना, आबा मना, घाई नका करा,
अकरावी व्हई जाई, मंग नवरदेव धरा!"

ओट्यावरचे पत्ते थांबले. कोणीतरी खोकलं. माझी छाती अशी धडधडत होती, की झोक्याला वेगळा जोर द्यायला नको. आता थांबले तर पुन्हा कधी निघणार नाही हे मला कळत होतं. म्हणून मी ती दुसरी ओळ, दोन वर्षं गिळलेली, म्हणून टाकली:

"मोठी माय गयी नि झोका सुना पडना,
तवयपाईन मना गय्यामा सूर अडकना."

तेव्हापासून माझ्या गळ्यात सूर अडकलाय. आबा उठून बसले. माझ्याकडे न बघता विचारलं, "कोन म्हनं हाई?"

"मी म्हनं, आबा."

ते उठले, पायात जोडे घातले आणि शेताकडे निघून गेले. मोठ्या मायचं नाव काढलं की जायचे तसेच.

वडिलांनी डोक्याला हात लावला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते माझ्या धिटाईमुळे की सासूच्या आठवणीनं ते मी कधी विचारलं नाही. आत्या तेवढी हसत उठली. म्हणाली, "झोकावर बोलनी ती. आते राग धरता येवाव नई कोनले!" आणि मला खाली उतरवून स्वतःच चढली. तिच्या वजनानं फांदी करकरली. तिनं जोडवी पाटावर आपटली आणि मोकळ्या गळ्यानं गायली:

"माले बी तवय इचारं नई कोनी,
तिसरीमातून काढी लिधं आबासनी!"

मला तिसरीतून काढलं आणि कोणी विचारलंही नाही. स्थळ आणणारी तीच, आणि हे म्हणणारीही तीच. म्हणून झाल्यावर तीच आधी चमकली. मग एकदम खदखदून हसायला लागली, हसता हसता पदर डोळ्याला लावला आणि परत हसली. "बाई वं, किती वरीस व्हयनात नि आज निघनं हाई!" मग आई चढली. माझी मुखदुर्बळ आई. तिनं काय म्हटलं ते फक्त आम्हा बायकांना ऐकू आलं, पण आत्या पोट धरून खाली बसली. त्या दुपारी आमच्या निंबाला विश्रांती नव्हती.

उन्हं कलली तसे आबा परत आले. बायका स्वयंपाकघरात गेल्या होत्या, मी अंगणात एकटी होते. ते खाटेवर बसले नाहीत. झोक्यापाशी गेले, दोर ओढून बघितला आणि पाटावर बसले. आमच्याकडे झोका बायकामुलींचा. पागोटं घातलेला म्हातारा झोक्यावर बसलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"दे झोका," ते म्हणाले.

मी पाठीला हात लावून हळूच दिला. त्यांचे जोडे जमिनीवर घासत होते.

"माले गानं येत नई."

"नई उनं ते बी चालस, आबा," मी म्हटलं. बाई आम्हाला म्हणायच्या तसंच. "गय्यामा जे अडकेल शे तेच म्हना."

झोका दोनदा गेला आणि आला. मग आबा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "घर सुनं लागस. ती व्हती तवय घरमा आवाज व्हता."

मी उचलून म्हणायची ओळ होती ती, पण मला म्हणता आली नाही. मी नुसती झोका देत राहिले. त्यांची पाठ थरथरत होती ती माझ्या तळहाताला कळत होती. पुष्कळ वेळानं ती थांबली. त्यांनी पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "अकरावी कई व्हई तुनी?"

"आखो दोन वरीस, आबा."

"धुळाना पोऱ्या थांबना ते थांबना. नई ते दुसरा देखसूत." मग उतरले, खाटेवर जाऊन बसले. "पेपर लई ये."

जळगावहून एसटीनं आलेला पेपर वडील वाचून कोनाड्यात ठेवत. आबांना वाचता येत नव्हतं. पूर्वी ते पारावर जाऊन ऐकायचे, मोठी माय गेल्यापासून तेही सोडलं होतं. मी पेपर आणला आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. पहिल्या पानावर कापसाच्या भावाची बातमी होती. मी सुरुवात केली, दोन शब्दांवर अडखळले, थांबले.

"वाच," आबा डोळे मिटून म्हणाले. "मोठा आवाजमा वाच. तिले बी आयकू जाऊ दे."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा, मोठ्यानं वाचायला लागले.